रुखवत कुणाच्या हातचं?

मंडळी, आजचा विषय तुम्ही सगळ्यांनी पाहिलेला आहे. मंगल कार्यालयात स्टेजच्या बाजूला एक लांब टेबल असतं. त्यावर चादर, चादरीवर सुपाऱ्यांची नवरानवरी, सप्तपदीची सात पावलं, क्रोशाचे रुमाल, मण्यांचं तोरण, कागदाच्या डब्यात मांडलेली भातुकली. वधूची एखादी मावशी शेजारी उभी असते, लहान पोरांनी हात लावू नये म्हणून. आपण जेवायला जाता जाता त्यावरून नजर फिरवतो, ‘छान आहे हो’ म्हणतो आणि पुढे सरकतो. इतिहासाची पुस्तकंही बहुधा अशीच पुढे सरकली आहेत. आज आपण त्या टेबलापाशी थोडं थांबणार आहोत.

आम्ही पिपरी मेघेत राहतो. सावंगी, सिंदी, बोरगाव, पिपरी, सगळ्यांच्या मागे ‘मेघे’ लागलेलं, आणि सगळी वर्धा शहराला चिकटलेली गावं. आमच्या घरापासून सायकलच्या अंतरात मगनवाडी आहे, नालवाडी आहे, सेवाग्राम आहे, आणि थोडं जास्त पाय मारले तर पवनार. हे भूगोल सांगण्यासाठी म्हणत नाही. हाताने केलेल्या वस्तूची किंमत काय, आणि ती कुणी करायची, या प्रश्नावर आपल्या देशात जिथे फार हट्टाने विचार झाला ती जागा म्हणजे हा परिसर. आणि याच परिसरात प्रत्येक मांडवात रुखवतही मांडलं गेलं. या दोन गोष्टी एकमेकींना कुठे भेटल्या आणि कुठे चुकल्या, हे आम्हाला आज बघायचं आहे.

आधी रुखवताचं. हा शब्द आज आपण वस्तूंसाठी वापरतो, पण मुळात तो खाण्याचा शब्द. मोल्सवर्थचा कोश, ज्याची वाढवलेली आवृत्ती १८५७ची, त्यातही रुखवत म्हणजे वधूकडून वराकडे जाणारे खाद्यपदार्थ असाच रोख आहे. नवरदेव जानोशावर उतरायचा. लग्न लागण्याआधी वधूची आई आणि तिच्याकडच्या बाया ताटं भरून तिथे न्यायच्या, नवरदेवाने ते खायचं, आणि खाताना दोन्हीकडच्या बायांनी एकमेकींना चिमटे काढणारी गाणी म्हणायची. म्हणजे रुखवत हे बघायचं नव्हतं, संपवायचं होतं.

आणि ते खाणं साधं नव्हतं. गव्हले, नखुले, मालत्या, बोटवे, शेवया: ही नावं आजच्या मुलींना सांगितली तर त्यांना दागिन्यांची वाटतील. गव्हला म्हणजे रव्याच्या घट्ट कणकेचा, दोन बोटांच्या चिमटीत वळलेला, गव्हाच्या दाण्याएवढा तुकडा. नखुला नखावर दाबून करायचा, म्हणून नखुला. एका खिरीपुरते गव्हले वळायला चार बायांची दुपार जाते. कित्येक घरांत लग्नाच्या कामाचा मुहूर्तच गव्हल्यांनी व्हायचा. सुवासिनी बसल्या, परातीत पहिले पाच गव्हले पडले, की लग्नघर सुरू झालं. एवढी बारीक कारागिरी करायची आणि ती दुधात शिजवून खाऊन टाकायची. आम्हाला यात एक उमदेपणा दिसतो. त्या कामाचं कौतुक जिभेने व्हायचं, डोळ्याने मोजमाप करायला फारसा वेळ मिळत नसे.

याच जातीचं दुसरं काम म्हणजे हलव्याचे दागिने. नव्या सुनेची पहिली संक्रांत, काळी साडी आणि अंगावर पांढराशुभ्र हलवा. किंवा बाळाचं बोरन्हाण, आणि त्याच्या गळ्यात हलव्याचा हार, डोक्यावर हलव्याचा मुकुट. हलवा कसा करतात? मंद आचेवर परात, परातीत तीळ किंवा खसखस, आणि वरून थेंब थेंब साखरेचा पाक. बोटांनी हलकेच फिरवत राहायचं. घाई केली तर गोळा होतो, आच वाढली तर पिवळा पडतो. हवा थंड असली तरच काटा येतो, म्हणून पहाटे उठून करायचं काम. दोन-तीन दिवस असं करत राहिल्यावर दाण्याला काटे फुटतात. मग ते दाणे दोऱ्याने बांधून बांगड्या, हार, बाजूबंद. सण झाला की दागिने फोडून खायचे, किंवा मुंग्या लागायच्या आत वाटून टाकायचे. आठवण म्हणून उरायचा तो फोटो, आणि फोटो नव्हते तेव्हा तोही नाही.

मग टिकाऊ वस्तू रुखवतात कशा आल्या? याचं एक मोठं कारण मुलींची शाळा. एकोणिसाव्या शतकात मुलींनी शिकावं की नाही यावर वाद झाला, तेव्हा शाळा चालवणाऱ्यांनी, मिशनरी असोत की आपले सुधारक, शिवण, विणकाम, भरतकाम हे विषय पुढे ठेवले. मुलगी वाचायला शिकेल याची ज्या घराला भीती वाटे, त्या घराला ती रुमालावर फुलं काढायला शिकेल याचा आनंद वाटे. पुण्याच्या सेवासदनात, १९०९ सालापासून, शिवणाचे वर्ग हे विधवा आणि गरजू बायांना पायावर उभं करण्याचं साधनही होतं. म्हणजे एकाच सुईचे दोन उपयोग झाले. कुणाला तिने पोट भरायला मदत केली, कुणाला तिने ‘गृहकृत्यदक्ष’ असं प्रमाणपत्र दिलं. आज आपण ज्याला परंपरागत रुखवत म्हणतो त्यातलं क्रोशाचं काम घ्या. क्रोशे हा शब्दच युरोपातून आलेला आहे, सुईही तिकडची. आजीच्या पेटीतली क्रोशाची जाळी ही परंपरा खरीच, पण ती शेदीडशे वर्षांची, आणि शाळेतून आलेली.

इथे एक गोष्ट सूक्ष्मपणे बदलली. गव्हले चार बायांनी मिळून केलेले असायचे, त्यांवर कुणा एकीचं नाव नसायचं. रुमाल मात्र वधूने केलेला असायला हवा, निदान तसं सांगायला हवं. ‘मुलीच्या हातचं आहे सगळं,’ हे वाक्य रुखवताच्या टेबलापाशी म्हटलं जातं ना, ते वाक्य नीट ऐका. ते कौतुक आहे, आणि ते परीक्षेचा निकालही आहे. वराकडच्या बाया येतात, टाका उलटून बघतात. मागच्या बाजूला गाठी दिसल्या की एकमेकींकडे बघतात. जे खाऊन संपत होतं ते आता तपासलं जाऊ लागलं. आणि त्याच टेबलावर, रुमालाच्या शेजारी, हळूच स्टीलची भांडी आली, मग मिक्सर आला, मग टेबल पुरेना म्हणून कपाट आणि फ्रिज मागे उभे राहिले. हाताने केलेली वस्तू पुढे आणि विकत घेतलेली मागे. हुंडा घेत नाही म्हणणाऱ्यांच्या मांडवातही हे चाललं, कारण ते ‘हौसेचं’ होतं.

आता फ्रेंच समाजशास्त्रज्ञ मार्सेल मोस आला नाही तर आमची डॉक्टरेट परत मागतील. त्याने १९२५ साली देणगीवर एक दीर्घ निबंध लिहिला. त्याचं म्हणणं थोडक्यात असं की फुकट देणगी नसते. द्यावं लागतं, घ्यावं लागतं आणि परत करावं लागतं. आता हे रुखवताला लावून बघा. वधूकडचे देतात, वराकडचे घेतात. परत काय करतात? वस्तू तर नाही. परतफेड म्हणून वधूकडच्यांच्या मनात एकच अपेक्षा असते, आमच्या पोरीला नीट वागवा. ती अपेक्षा कुठे लिहिलेली नसते, म्हणूनच तिच्यासाठी महिनोन् महिने टाके घातले जातात. आई जे काही विणत बसते त्यात हौस असते, तशी भीतीही असते. मोसला मराठी लग्न बघायला मिळालं असतं तर त्याने चौथं प्रकरण लिहिलं असतं, असं आम्हाला वाटतं. असो.

आता वर्ध्याकडे येऊ.

डिसेंबर १९३४मध्ये इथे अखिल भारत ग्रामोद्योग संघ स्थापन झाला. जमनालाल बजाजांनी दिलेल्या बागेला मगनलाल गांधींच्या नावाने मगनवाडी म्हटलं गेलं, जे. सी. कुमारप्पा तिथे बसून घाणी, हातकागद, मधमाश्या यांचे प्रयोग करू लागले. ३० डिसेंबर १९३८ला गांधींनी मगन संग्रहालयाचं उद्घाटन केलं. तिथे मांडलेल्या वस्तू रुखवतासारख्याच हाताने केलेल्या होत्या. पण मांडण्याचा हेतू पार वेगळा: ही वस्तू कशी होते, कुणी केली, आणि तिच्यातून त्याचं पोट भरतं का?

हा तिसरा प्रश्न फार महत्त्वाचा, आणि त्यावर खुद्द खादीवाल्यांतच भांडण झालं. १९३५ साली गांधींनी आग्रह धरला की सूत कातणाऱ्या बाईला जगण्यापुरती मजुरी मिळाली पाहिजे. त्यांचा आकडा होता आठ तासांच्या कामाला आठ आणे. चरखा संघाच्या लोकांनी कपाळाला हात लावला, खादी घेणार कोण? शेवटी ठरली ती तीन आण्यांच्या आसपास. नालवाडीला विनोबांनी याच सुमारास आठ आठ तास सूत कातून, कातणारीला मिळते तेवढ्याच मजुरीत स्वतःचं पोट चालवण्याचा प्रयोग केला. एक विद्वान ब्राह्मण पुरुष, उपनिषदांवर बोलणारा, आणि तो मोजतोय काय, तर एका बाईच्या दिवसाची मजुरी स्वतःच्या पोटाने. आम्हाला भूदानाइतकाच हा प्रयोग मोठा वाटतो, पण त्याची आठवण फार कमी जणांना आहे.

सुताचं माप असायचं. चार फुटांची एक तार, अशा ६४० तारांची एक गुंडी. म्हणजे २५६० फूट, पाऊण किलोमीटरपेक्षा जास्त धागा. सराईत हातालाही गुंडीला दोनेक तास लागत. आश्रमातल्या लग्नांत वधूवर एकमेकांना सुताचे हार घालत, आणि तो हार दोघांनीही कातायचा असे. हे वाक्य आम्ही मुद्दाम सावकाश म्हणतो आहोत: दोघांनीही. रुखवताच्या सगळ्या इतिहासात नवरदेवाच्या हातचं काही नाही. तो खातो, किंवा बघतो. इथे प्रथमच त्याला लग्नासाठी हाताने काही करायला बसवलं गेलं. सुताच्या हाराला उलटी बाजू नसते, गाठी मोजायला कुणी येत नाही.

आणि नवरदेवाच्या आधी बापाला बसवलं गेलं. २६ मार्च १९४२ला, रामनवमीच्या दिवशी, अलाहाबादला आनंद भवनात इंदिरा नेहरू आणि फिरोज गांधी यांचं लग्न झालं. लग्नाआधी रागावलेल्या लोकांची पत्रं इथे सेवाग्रामला येऊन पडत होती, आणि गांधींना ‘हरिजन’मधून त्यांना उत्तर द्यावं लागलं होतं. नवरी नेसली होती ती फिक्या गुलाबी खादीची साडी, बापाने तुरुंगात कातलेल्या सुताची. बापाने मुलीच्या लग्नासाठी पैसे जमवणं हे आपल्याला माहीत आहे, कर्ज काढणंही माहीत आहे. पण बापाने महिनोन् महिने बसून तिच्यासाठी हाताने काही करणं? ते आईचं काम. तीच साडी १९६८मध्ये सोनिया गांधी नेसल्या. नेहरूंचं राजकारण तुम्हाला आवडो न आवडो, तो भाग वेगळा. साडी कुणाची सूत होती हे सांगितलं जातं, म्हणून ती टिकली.

गांधींनी स्वतः कातलेल्या सुताच्या दोन वस्तू सांगतो. एक साडी. २२ फेब्रुवारी १९४४ला आगाखान पॅलेसमध्ये कस्तुरबा गेल्या, तेव्हा त्यांना नवऱ्याच्या हातच्या सुताची साडी नेसवून चितेवर ठेवलं. दुसरी वस्तू लग्नाची. नोव्हेंबर १९४७मध्ये इंग्लंडच्या राजकन्या एलिझाबेथचं लग्न. माउंटबॅटननी सुचवलं, आणि गांधींनी आपल्या सुताचा एक विणलेला जाळीदार तुकडा पाठवला, मधोमध ‘जय हिंद’. अडीच हजारांवर भेटी सेंट जेम्स राजवाड्यात मांडून ठेवल्या होत्या, लोक रांगेने बघायला येत होते. म्हणजे इंग्रजांचं रुखवतच म्हणा ना. तिथे राणी मेरीने हा तुकडा पाहिला आणि त्यांना ते गांधींचं पंचं वाटलं, त्या संतापल्या. विहीणबाईंनी रुखवतावर नाक मुरडणं हे जागतिक आहे.

पण या गोष्टीतला आम्हाला खटकणारा भाग दुसराच. सूत गांधींचं, हे सगळ्यांना माहीत. ते विणलं एका पंजाबी मुलीने. तिचं नाव ही गोष्ट सांगताना सहसा कुणी घेत नाही. म्हणजे जगातला सर्वांत प्रसिद्ध सूत कातणारा पुरुष आला, तरी सुईवाली बिनावाचीच राहिली. माफ करा, बिननावाची म्हणायचं होतं, पण पहिला शब्दही वाईट नाही.

गांधी गेले त्यानंतर दीड महिन्याने, मार्च १९४८मध्ये, सेवाग्रामला एक लग्न झालं. आंध्रातले नास्तिक कार्यकर्ते गोरा यांची मुलगी मनोरमा आणि दलित समाजातला तरुण अर्जुनराव. हे लग्न स्वतः गांधी लावणार होते. वधूचा बाप देव मानत नाही, मग प्रतिज्ञेत ‘ईश्वराच्या नावाने’ कसं म्हणायचं? गांधींनी ते ‘सत्याच्या नावाने’ करायचं कबूल केलं होतं. तत्त्वज्ञानाच्या विद्यार्थ्याने यावर एक अख्खं व्याख्यान द्यावं, आम्ही आज देत नाही. आज एवढंच सांगायचं की मंत्र बदलता येतो, देव बाजूला ठेवता येतो, जात ओलांडता येते, हे सगळं इथून आठ किलोमीटरवर करून दाखवलं गेलं आहे. वर्ध्याने लग्नात पुष्कळ काही बदलून पाहिलं.

मग सुताचा हार का टिकला नाही? पवनारला गांधींच्या अस्थी धाम नदीत सोडल्या त्या १२ फेब्रुवारीला, दरवर्षी सूतांजली वाहिली जाऊ लागली. माणशी एक गुंडी, स्वतः कातलेली. विनोबा तिला सर्वोदयाचं मत म्हणत. म्हणजे सूत सार्वजनिक झालं, सभेचं झालं. घरात मात्र ते शिरलं नाही. ऑक्टोबर १९३७च्या वर्धा शिक्षण परिषदेने हस्तकला मुलगा-मुलगी दोघांसाठी शिक्षणाच्या केंद्रस्थानी ठेवली. आमच्या वयाच्या पुष्कळ मुलांच्या हातात शाळेत तकली होती. पण आम्ही आजवर जेवढी रुखवतं पाहिली, त्यात एकाही मुलाच्या तकलीचं सूत पाहिलं नाही. शाळेच्या तासाला कातलेलं सूत शाळेतच राहिलं आणि घरी आईने मुलीलाच बोलावलं, ‘ये, गव्हले वळ.’

एक कारण असंही आहे की सुताच्या हारात हौस नाही. आश्रमाने लग्नातली परीक्षा काढली, उधळपट्टी काढली, त्याबरोबर रंगही काढला. सुपारीच्या नवरीला नथ घालताना बायांना जो आनंद होतो, दुपारभर हसत खिदळत काम करताना ज्या गोष्टी एकमेकींना सांगितल्या जातात, ती बायांची एक संस्था होती. तिच्या जागी ६४० तारा मोजणं हे पुरेसं नव्हतं. आश्रमीय मंडळींना हे दिसलं नाही, असं आमचं स्पष्ट मत आहे.

आता आजचं. हुंडाप्रतिबंधक कायदा १९६१चा. १९८५च्या नियमांप्रमाणे लग्नातल्या भेटींची यादी करायची असते: वस्तूचं थोडक्यात वर्णन, अंदाजे किंमत, देणाऱ्याचं नाव, त्याचं नातं, खाली सह्या. कायदा चांगला आहे, यादीही करावी. आपल्या ओळखीत किती जणांनी केली ते हात वर करून सांगा. ... दोन. बरं. आता त्या यादीत आजीने जुन्या लुगड्यांची शिवलेली गोधडी लिहायची झाली तर किंमतीच्या रकान्यात काय लिहाल? कापड जुनं, म्हणजे शून्य. दोरा वीस रुपयांचा. आणि तीन महिने? १९३५च्या भांडणातला आकडा तिथे घालायला कुणी सांगितलेलं नाही.

दुसरीकडे बाजाराने ही किंमत काढली आहे. रुखवताचे तयार संच विकत मिळतात, भाड्यानेही मिळतात. सकाळी येतात, मांडले जातात, फोटो होतात, संध्याकाळी पुढच्या मांडवात. आमच्या पिपरीतही हे आहे. काही जणी नाक मुरडतात, ‘भाड्याचं रुखवत म्हणजे काय!’ आम्ही मुरडत नाही. नोकरी करणाऱ्या मुलीने महिनाभर रात्री जागून परीक्षेचे टाके का घालावेत? आणि जी बाई घरी बसून ते संच बनवते तिला प्रथमच या कामाचे पैसे मिळताहेत. तिला ते किती मिळतात, आणि दुकानदार किती ठेवतो, हे मात्र विचारलं पाहिजे. विचारून बघा, उत्तर सहज मिळत नाही.

ज्यांना हौस आहे त्यांनी जरूर घरी करावं. फक्त या वेळी नवरदेवाला आणि वधूच्या बापाला परातीपाशी बसवा. गव्हला वळायला लिंगभेद लागत नाही, बोटं लागतात. पहिले शंभर वाकडे होतील, खिरीत कळत नाही.

आणि आमची एक विनंती आहे, विद्यार्थ्याची म्हणा. तुमच्या घरी पेटीत, माळ्यावर, जुनं काही असेल: कुंची, दुपटं, क्रोशाची जाळी, मण्यांचं तोरण, गोधडी. ते कुणी केलं, कुठल्या साली, कुणाच्या लग्नाला किंवा बारशाला, कापड कुठलं, हे घरातली जाणती माणसं आहेत तोवर विचारून घ्या. कापडाच्या मागे एक पट्टी शिवा आणि त्यावर शाईने नाव लिहा. पूर्ण नाव लिहा, ‘आजी’ एवढंच नको. मगन संग्रहालयात गेलात तर वस्तूंसमोर उभं राहून हेच प्रश्न विचारा, तिथली मंडळी सांगतात.

वेळ झाली आहे. त्या मघाशी हात वर केलेल्या ताई, तुमचा प्रश्न आधी घेऊ.